सेवेस ज्ञानाची जोड
(महोत्सवानिमित्त हाटकेश येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी देवाच्या उपकारांचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष अशा एका सेवेकडे वेधू इच्छितो, की जी आपल्या डोळ्यांसमोर नित्य घडत असूनही तिचे मर्म फार थोड्यांस ठाऊक असते. ती सेवा म्हणजे रुग्णपरिचर्या होय. हाटकेशच्या वस्तीतून मीरा रोड स्थानक गाठून लोकलने मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या परिचारिका आपल्यापैकीच आहेत. रात्रपाळी संपवून त्या घरी परततात, तेव्हा आपला दिवस नुकता उगवत असतो.

परिचारिका दयाळू असली म्हणजे पुरे, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे. शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्यास वाटेवरील जखमी इसमाचा कळवळा आला खरा. परंतु तो नुसता हळहळत उभा राहिला नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि त्या बांधल्या. अंतःकरण कोमल होते, तसेच हातही जाणते होते. दया हा परिचर्येचा आत्मा होय, हे निर्विवाद. परंतु ज्ञान नसेल, तर त्याच दयेच्या हातून रोग्याचा प्राण जाऊ शकतो.

मधुमेहावरील इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्या देशात ते एका मिलिलिटरमध्ये ४० एकके व १०० एकके अशा दोन तीव्रतांचे मिळते. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. आता १०० च्या कुपीतील औषध कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रोग्याच्या अंगात २० नव्हे, ५० एकके जातात. रक्तातील साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हातपाय कापू लागतात, शुद्ध हरपते. टोपणाच्या रंगाकडे पाहण्यास एक क्षण लागतो. परंतु तो रंग काय सांगतो, हे आधी शिकलेले असावे लागते.

याचकरिता परिचारिकेस पाच गोष्टी पडताळण्यास शिकवितात: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ. औषध तेच असले तरी मार्ग चुकला की ते घातक ठरते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत एकदम सोडल्यास हृदय बंद पडू शकते; तेच योग्य रीतीने पातळ करून सावकाश दिल्यास रोगी वाचतो.

चाचण्यांचेही तसेच आहे. त्या केवळ डॉक्टरांकरिता असतात, असे नव्हे. इन्सुलिन टोचण्यापूर्वी रक्तातील साखर पाहणे, रक्त पातळ करणारे वॉरफरिन देण्यापूर्वी आय.एन.आर. चाचणीचा आकडा पाहणे, डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजणे, आणि प्रौढ रोग्याच्या बाबतीत ते ६० हून कमी भरल्यास औषध थांबवून डॉक्टरांस कळविणे, ही परिचारिकेची कर्तव्ये होत. रक्ताचा नमुना घेतल्यावर नळीवर रोग्याचे नाव त्याच्या खाटेशीच लिहावयाचे असते. दुसऱ्याच्या नावाच्या नळीवरून रक्तगट ठरला, तर न जुळणारे रक्त अंगात जाऊन अनर्थ ओढवतो.

ज्ञान व दक्षता यांची साखळी तुटली म्हणजे काय होते, हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात रोग्यांस दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. तेच विष २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून बालकांच्या पोटात गेले व अनेक घरांतील पाळणे रिकामे झाले. बाटलीतील विष परिचारिकेस नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. परंतु रोग्याच्या लघवीचे प्रमाण मोजून लिहिणारी, ते घटताच न थांबता डॉक्टरांस कळविणारी परिचारिका धोक्याची पहिली घंटा वाजवू शकते. तक्त्यावरील ती ओळ रिकामी राहिली, तर घंटा वाजतच नाही.

येथे आम्हा सर्वांचे कर्तव्य सुरू होते. परिचारिका रोग्यास पुनःपुन्हा नाव विचारते, डॉक्टरांचे अक्षर लागले नाही म्हणून औषध देण्यापूर्वी फोन करते, तेव्हा नातलग चिडतात. "हिला काही येत नाही," असे म्हणतात. बंधूंनो, असे म्हणू नका. जी विचारते तीच जाणती होय. तिला धाक दाखवून गप्प केलेत, तर उद्या शंका आली असताही ती गप्पच राहील, आणि त्याचे फळ आपल्याच पित्यास वा मातेस भोगावे लागेल.

घरी वृद्ध माणसे असतील, तर त्यांच्या सर्व औषधांची नावे, मात्रा व वेळा एका कागदावर लिहून ठेवा. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आले, दम लागला, तेही त्यात नमूद करा व रुग्णालयात जाताना तो कागद सोबत न्या. शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्या रोग्यास देऊ नका. घरी कोणास देखभालीकरिता ठेवाल, तर तिचे शिक्षण व महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी अवश्य विचारा. नोंदणी नसेल, तर इंजेक्शनचे काम तिच्यावर सोपवू नका.

आणि आईबापांनो, आपल्या मुलीने वा मुलाने या व्यवसायाची इच्छा धरली, तर तो हलका मानू नका. जी.एन.एम.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. त्यांत शरीरशास्त्र, औषधशास्त्र व रुग्णालयातील प्रत्यक्ष काम, सर्व शिकावे लागते. ही विद्या कष्टाची आहे व तिचा मान कष्टाप्रमाणेच असावा.

ज्या हातांवर आपण आपली आजारी माणसे सोपवितो, ते हात प्रेमळ व जाणते राहोत, आणि त्यांस प्रश्न विचारण्याचे धैर्य लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.