जाळीतून लहरी गळत का नाहीत?



फिशपॉन्डच्या आधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण ठेवायची आपली जुनी पद्धत आहे. तेव्हा मागच्या रांगांमधली चुळबुळ मला समजते, थोडक्यात बोलतो.

'विज्ञानाबद्दल लिहायचंय, बोलायचंय, पण अनुभव नाही म्हणून कोणी काम देत नाही,' अशी तक्रार सायन्सची मुलं नेहमी करतात. जुन्नर तालुक्यात राहून ती करायची सोय नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. विद्यार्थी प्रयोग मांडतात आणि पंचक्रोशीतली माणसं बघायला लोटतात.

तिथे एका टेबलामागे उभं राहा. कोणीतरी आजोबा विचारणारच, "एवढी मोठी तबकडी, मग ती जाळीची का रे केली? लहरी गळून नाही जात?" पाठ केलेलं भाषण इथे कोलमडतं. 'तरंगलांबी' म्हणालात की आजोबा पुढच्या टेबलाकडे सरकले! मग नाइलाजाने सुचायला लागतं: गोलपोस्टच्या जाळीतून फुटबॉल आरपार जातो का? या दुर्बिणीने टिपायच्या लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून दोनेक मीटरपर्यंत आणि जाळीची भोकं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची. लहर परत फिरते, वारा मात्र निघून जातो. म्हणून एवढी प्रचंड तबकडी हलकी आणि स्वस्त करता आली. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही करामत. (फुटबॉलची उपमा काटेकोर नाही. लहर म्हणजे चेंडू नव्हे, हे आजोबांची नात लगेच सांगेल. तिच्यासाठीही उत्तर तयार ठेवा.)

आजोबांनी मान डोलावली म्हणजे त्यांना कळलं असं धरून चालू नका. भिडेखातर मान डोलावणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांनी शेजारच्याला काय सांगितलं ते कान देऊन ऐका. तिथे गडबड झाली, तर तुमचं सांगणं फसलं. पुन्हा सांगा. ज्याला कामाचा अनुभव म्हणतात, तो हाच.

मग त्याच जाळीवर तीनशे शब्द लिहा आणि पाठवा. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून विज्ञान मराठीत पोचवण्याचं काम करते आहे. तिची पत्रिका आहे, स्पर्धा असतात. 1974 साली परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत कोणा नारायण विनायक जगतापांची कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून लिहिलेली. केंब्रिजमध्ये नाव कमावून परतलेला शास्त्रज्ञ आपलं नाव लपवून स्पर्धेला उतरतो, मग तुम्हाला संकोच कसला?

पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिथेही जाऊन काम आहे का विचारा. फार तर नाही म्हणतील.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रमाणपत्राच्या बोलीवर महिनोन्महिने फुकट भाषांतरं करून घेणारे भेटतील. शिकण्यासाठी एकदा करा, दुसऱ्या वेळी मानधन विचारा. संपादक तुमची प्रमाणपत्रं मोजत नाही, लेखाचा पहिला परिच्छेद वाचतो.

फेब्रुवारी फार लांब नाही. प्रदर्शनात टेबल मांडायचं असेल, तर उद्याच फिजिक्सच्या सरांना किंवा मॅडमना गाठा.