पावणेचौदा वर्षांचा मुलगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा पुष्कळजणींना वाटले असेल, ही आता एखाद्या पोथीवर नाहीतर लोणच्या-मुरंब्यांच्या पुस्तकावर बोलणार. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण आज मी बोलणार आहे ते चक्क एका इंग्रजी पुस्तकावर. घाबरू नका, मला इंग्रजी येऊ लागलेले नाही! माझी कॉलेजात जाणारी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती. दुपारी मी धान्य निवडायला बसले की ती एकेक पान वाचून मला मराठीत सांगे. पंधरा दिवसांत पुस्तक संपले. हसण्याच्या नादात दुपारची झोप मात्र गेली.

पुस्तकाचे नाव आपल्या भाषेत सांगायचे तर ‘ॲड्रियन मोल, वय वर्षे पावणेचौदा, याची गुप्त रोजनिशी’. लेखिका स्यू टाउनसेंड, इंग्लंडातल्या लेस्टर शहरच्या. पुस्तक १९८२ साली निघाले आणि लक्षावधी लोकांनी वाचले.

हा ॲड्रियन १९८१ च्या पहिल्या जानेवारीपासून रोजनिशी लिहितो. हनुवटीवर पुटकुळी आली, हे त्याचे पहिले संकट. दूरदर्शनवर एका विद्वानाचे बोलणे ऐकले, ते बहुतेक सगळे कळले, म्हणून आपणही विद्वान आहोत असे त्याने ठरवून टाकले. मग कविता करून रेडिओकडे पाठवू लागला. खोलीच्या भिंतींवर लहानपणचा, नॉडी नावाच्या बाहुल्याच्या चित्रांचा कागद होता. आता आपण मोठे झालो म्हणून त्यावर काळा रंग दिला. हातावर हात दिले, तरी नॉडीच्या टोपीचे घुंगरू काही झाकेना! बायांनो, पावणेचौदा वर्षांचे वय म्हणजे दुसरे काय? वरून काळा रंग, आणि आतून घुंगरू दिसतेच आहे.

पण घरात काय चालले होते? वडिलांची नोकरी सुटली. आई शेजारच्या गृहस्थाबरोबर घर सोडून दुसऱ्या गावी गेली. शाळेत एक दांडगा मुलगा धाक दाखवून याच्याकडून पैसे उकळी. तिथे मात्र आजी कामाला आली. म्हातारी सरळ त्या मुलाच्या घरी गेली आणि सारे पैसे वसूल करून परतली. भाचीने हे सांगितले तेव्हा आमच्या सासूबाई माजघरातून म्हणाल्या, “बघा, आजी लागतेच घरात!”

कोणी म्हणेल, नवरा-मुलाला टाकून गेलेल्या बाईची गोष्ट आपल्या मंडळात कशाला? मलाही प्रथम ते खटकले. पण पुढे ती आई परत येते, आणि लेखिकेने तिला ना डोक्यावर घेतले, ना पायदळी तुडवले. ती फक्त मुलाच्या डोळ्यांनी दाखवते. मोठी माणसे भांडतात, रुसतात, समेट करतात. पण त्या मुलाला बसवून, “बाळ, घरात असे असे झाले आहे,” एवढे नीट सांगायला कोणाला सवड नसते. तो बिचारा आईच्या जाण्याबद्दल थोडके लिहितो आणि पुटकुळीचे पाल्हाळ लावतो. मला वाटते, मोठे दुःख बोलता येत नाही, म्हणून मूल लहान दुःख बोलून दाखवते. आपण हसतो, आणि हसता हसता घास अडकतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या कारखान्याला टाळे लागले. आम्ही दोघे रात्री मुले निजल्यावर हळू आवाजात हिशेब करीत असू. माझा धाकटा तेव्हा आठवीत. त्याने सहलीचे नाव काढणे सोडले होते. केसांचा भांग मात्र दिवसातून दहा वेळा बदली. पुस्तक ऐकून झाल्यावर मी त्याला विचारले, “तेव्हा तुला काय काय कळत होते रे?” तो म्हणाला, “आई, तू हळू बोललीस की जास्त ऐकू येतं. आणि तांदळाचा डबा मी रोज उघडून बघत होतो.” मी काही बोलले नाही. पण आता ह्यांच्या नव्या नोकरीचा पगार आला की हिशेबाला तोही आमच्याजवळ बसतो.

आता लेखिकेविषयी थोडे. या बाई १९४६ साली जन्मल्या. पुढच्या चांगल्या शाळेच्या परीक्षेत नापास झाल्या, लहान वयातच शाळा सुटली. अठराव्या वर्षी लग्न, तेविशीपर्यंत तीन मुले. मिळेल ते काम केले. मुले झोपली की रात्री लिहायच्या, आणि वर्षानुवर्षे ते कोणाला दाखवलेही नाही. एकदा मोठ्या मुलाने कुरकुर केली, की इतर घरची माणसे जनावरांचे मोकळे उद्यान बघायला जातात, तशी आपण का जात नाही? त्या एका कुरकुरीतून हा ॲड्रियन जन्मला, असे त्या सांगत. आपण अशी कुरकुर दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि “गप्प बस” म्हणतो. या बाईने ती ऐकून ठेवली. पुढे मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. २०१४ साली त्या वारल्या.

तेव्हा भगिनींनो, माझे सांगणे थोडकेच आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी आरशापुढे फार वेळ उभी राहू लागली तर हसून चारचौघांत सांगू नका. त्यांची वही उघडी सापडली तरी मिटून ठेवा. आणि घरावर प्रसंग आला तर त्यांना जवळ बसवून सोप्या शब्दांत सांगा. त्यांना ते अर्धे कळलेलेच असते. उरलेले अर्धे ते मनाने रचतात, आणि ते खऱ्यापेक्षा फार भयंकर असते.