इंजिन बांधताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, संगोपन अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. आज मी मोटारीच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. आमची जुनी प्रीमियर पद्मिनी निळा धूर सोडू लागली, तेव्हा 'मोडीत घाला' हाच सल्ला जो तो देई. माधवनगरातले एक वयस्क मिस्त्री तेवढे म्हणाले, "ताई, तुम्हीच इंजिन बांधा, मी शेजारी बसतो." तेव्हा जे शिकले, ते आपल्यापुढे ठेवते.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की खालचे तेल वर चढते. या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. चौघांचे मिळून होतात १०८९ घनसेंटिमीटर.

नव्या रिंगा घातल्या म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. मिस्त्रींनी आधी सिलिंडर मापायला लावले. पिस्टन वरखाली होताना दोन बाजूंना अधिक रेटतो, म्हणून झिजलेला सिलिंडर गोल न राहता लंबगोल होतो आणि वरच्या भागात अधिक रुंदावतो. अशा भोकात गोल रिंग बसणार कशी? मग यंत्रावर सिलिंडर कातून घ्यावा लागतो आणि त्या मापाचे मोठे पिस्टन आणावे लागतात. खर्च कोणता करावा, हे अंदाजाने नव्हे, मापाने ठरले.

खोलणे सोपे असते. जोडणे ही खरी विद्या. क्रँकच्या बेअरिंगची झाकणे दिसायला सारखी, पण ज्याचे त्याच जागी, त्याच तोंडाने बसले पाहिजे. म्हणून उतरवतानाच प्रत्येकावर खूण करायची आणि वहीत नोंद ठेवायची. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, सांगितलेल्या जोराने आवळायचे. आणि सर्वांत आधी स्वच्छता! रेतीचा एक कण नव्या बेअरिंगला ओरखडा पाडतो.

भगिनींनो, नोंद, क्रम, स्वच्छता, धीर यांतले आपल्याला नवे काय आहे? नवे होते ते फक्त धाडस. तेही आपल्या जातीला परके नाही. १८८८ साली बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेली मोटार शंभराहून अधिक किलोमीटर चालवली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. आपल्या जिल्ह्यातच पाहा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर लोखंडी नांगरांचा कारखाना वसवला, आणि त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. लोखंड आणि स्त्रीची प्रगती एकाच गावात नांदली.

आमची गाडी सुरू झाली, धूर थांबला. पण त्याहून मोठा लाभ असा की, आता कोणी 'हे तुम्हाला कळायचे नाही' असे म्हटले, तर मी 'मग समजावून सांगा' असे विचारू शकते. मंडळाने शिवणवर्गाच्या जोडीला दुरुस्तीचाही एक वर्ग चालवावा, अशी माझी सूचना आहे. पहिल्या दिवशी नुसते तेल कसे पाहावे एवढे शिकवले, तरी पुरे.