काटा खरा हवा, सूट नको

(मुंबई उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अंधेरी येथील बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीपुढे एक ठराव आला आहे. अंधेरी, मरोळ, साकीनाका, जोगेश्वरी या भागात मोटरसायकलवर पोट भरणाऱ्या आपल्या मुलांवर अतिवेगाची ई-चलाने निघतात, ती सरकारने सरसकट माफ करावीत, असा तो ठराव आहे. ठराव मांडणाऱ्यांची तळमळ खरी आहे. हजार-दोन हजारांचे चलान मोबाइलवर येऊन पडले की त्या मुलाचा त्या आठवड्याचा हिशेब कोलमडतो आणि गावाकडे जाणारे पैसे अडतात. तरीही हा ठराव आहे तसा मंजूर करू नये, असे आमचे म्हणणे आहे. त्याची कारणे मांडायला आम्ही उभे आहोत.

कोणी विचारील, शेतकऱ्यांच्या चळवळीने मुंबईच्या रस्त्यावर कशाला बोलावे? त्याचे उत्तर सोपे आहे. बैलगाडी गेली आणि तिच्या जागी मोटरसायकल आली. दुधाचा कॅन, खताचे पोते, फवारणीचा पंप, दवाखान्यात न्यायची म्हातारी, सगळे तिच्यावरच. जमिनीत भागेना म्हणून पोरगा मुंबईत आला, तेव्हा त्याच्या हाती आलेले अवजारही तेच. आज तो अंधेरी पूर्वेच्या कचेऱ्यांत जेवणाचे डबे आणि पार्सले पोचवतो. त्याच गावचा दुसरा पोरगा सहार विमानतळाच्या रांगेत टॅक्सी घेऊन उभा असतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर गुंदवलीच्या चौकात मोटरसायकलवाला आणि मोटारवाला एकमेकांना शिव्या घालतात तेव्हा पुष्कळदा दोन्ही बाजूंना शेतकऱ्याचीच पोरे असतात. म्हणून हे भांडण आपल्या घरातले आहे.

मरतो कोण?

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७, म्हणजे शंभरातली ४४ ते ४५, दुचाकीवरची होती. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५,२२४ माणसे गेली. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागात झाले. याच अहवालात शंभरातल्या ७१ मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे.

आता यावर शंका घेता येईल. पोलिसाच्या वहीत 'अतिवेग' हा शब्द लिहायला सोपा असतो, खड्डा किंवा चुकीचे वळण लिहायला अवघड जाते. तेवढी वजावट करा. निम्मी करा. तरी उरणारा आकडा एखाद्या साथीच्या रोगासारखा मोठा आहे, आणि त्या साथीत सर्वांत जास्त बळी आपल्या वाहनावरचा माणूस जातो.

वेग म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल एखाद्या खांबावर आदळली तर बसणारा तडाखा सुमारे ४५ फूट खोल कोरड्या विहिरीत पडण्याइतका असतो. वेग ८० झाला की विहीर ८० फुटांच्या वर जाते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण विहीर जवळजवळ पावणेदोन पट खोल झाली, कारण तडाखा वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटारवाल्याच्या भोवती लोखंडाची पेटी असते, पट्टा असतो, पुष्कळदा हवेची उशीही असते. मोटरसायकलवाला नुसताच विहिरीत पडतो. त्याच्याकडे फार तर हेल्मेट असते, आणि २०२२ सालीच ५०,०२९ माणसे अशी मेली की ज्यांच्या डोक्यावर तेही नव्हते.

थांबायला लागणारे अंतरही पाहा. समोर काही आडवे आले हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा आणि ब्रेक बरा असेल तर ६० च्या वेगाला गाडी उभी राहायला सुमारे ४५ मीटर लागतात, म्हणजे बेस्टच्या पावणेचार बसगाड्यांची लांबी. ८० च्या वेगाला ७० मीटरांहून जास्त, म्हणजे सहा बसगाड्या. जुलै महिन्यात ओल्या रस्त्यावर किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

वेगाने वेळ वाचतो काय?

शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षीच लीबिगचा नियम शिकवतात. ज्या अन्नद्रव्याची जमिनीत सर्वांत जास्त टंचाई, तेच उत्पन्न ठरवते. जस्त कमी असेल तर युरियाची पोती रिकामी करून पीक वाढत नाही. रस्त्याचेही तसेच आहे. पश्चिम द्रुतगती मार्ग माहीमपासून दहिसरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा आहे असे धरले तरी ६० च्या वेगाने २५ मिनिटे आणि ८० च्या वेगाने १९ मिनिटे लागतात. वाचली सहा. पण रस्ता मोकळा नसतो. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या तोंडाशी, अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या चौकात गाड्या तुंबतात. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पुन्हा पुरता खुला व्हायला मे २०२५ उजाडले. त्या अडीच वर्षांत पूर्व-पश्चिम जाणाऱ्याचा वेळ कोणाच्या वेगाने ठरला? अरुंद जागाच वेळ ठरवते. मधल्या मोकळ्या पट्ट्यात ८० ने पळणारा पुढच्या सिग्नलला ६० वाल्याच्या शेजारीच उभा असतो.

मग आपला पोरगा का पळतो? कारण त्याला फेरीमागे पैसे मिळतात. ऊसतोडीच्या कामगाराला टनामागे मिळतात तसे. टनामागे दर तुटपुंजा असला की माणूस रात्री अकरालाही फडात असतो. तशीच फेरी तुटपुंजी असली की माणूस लाल दिव्यातून गाडी काढतो. शहराला स्वस्त धान्य मिळावे म्हणून बापाच्या मालाचा भाव पाडला गेला. आता शहराला स्वस्त घरपोच सेवा मिळावी म्हणून लेकाची मान धोक्यात घातली जाते. ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत.

म्हणून विचारतो, वेगाच्या चलानाला माफी मिळाली तर फायदा कोणाचा? पोराचे हजार रुपये वाचतील, खरे. पण पार्सल वेळेत पोचवण्याची सक्ती तशीच राहील, उलट तिला सरकारी मान्यता मिळाल्यासारखे होईल. पायाची फ्रॅक्चर झालेली हाडे मात्र त्याची त्यालाच सांभाळावी लागतील.

काटा कोणाच्या हातात?

साखर कारखान्याच्या गेटवर ऊस मोजला जातो तेव्हा आपण काय मागतो? वजन करू नका, असे कधी म्हणत नाही. आपण म्हणतो काटा खरा ठेवा, तो तपासलेला असू द्या, आकडा आम्हाला दिसू द्या, तक्रार ऐकायला माणूस ठेवा. वेग मोजणारा कॅमेरा हाही काटाच आहे. तिथेही मागणी हीच हवी.

आणि ही मागणी कायद्यात बसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आले, त्याने यंत्राद्वारे देखरेख सुरू करायला सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. त्या नियमांत लिहिले की यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण हवे. या पट्ट्यात यंत्राने देखरेख होते असा ठळक फलक वाहनचालकाला आधी दिसला पाहिजे. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत गेली पाहिजे. सहा महिने काही कळवायचे नाही आणि एक दिवस आठ चलाने एकदम दाखवून चावी काढून घ्यायची, हा प्रकार त्या नियमांच्या हेतूत बसत नाही. असे झाले असेल तिथे लेखी हरकत घ्या. तारीख, वेळ, जागा, यंत्राचे प्रमाणपत्र मागा. सूट मागणाऱ्याला दारात उभे करतात, हिशेब मागणाऱ्याला खुर्ची द्यावी लागते.

काटा सर्वांना एकच हवा, हेही आलेच. २०१८ साली केंद्राने ठरवलेल्या कमाल मर्यादा अशा : महापालिका हद्दीत मोटरसायकलला ६०, मोटारीला ७०. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटरसायकलला ८०, मोटारीला १००. स्थानिक अधिकारी याहून कमी मर्यादा लावू शकतात. चौकात शिट्टी वाजवून थांबवायला मोटरसायकल सोपी, काळ्या काचांची मोठी मोटार अवघड. म्हणून माणसाच्या हातापेक्षा तपासलेला कॅमेरा आपल्याला जास्त सोयीचा आहे. कॅमेऱ्याला गाडीची किंमत कळत नाही. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर शंभराने जाणारी मोटार आपल्या पोराच्या मागच्या चाकाला लागू नये, यासाठी वेगाची मर्यादा आहे. ती आपल्या पोरासाठीचे कुंपण आहे, आणि आपणच ते उपटायला निघालो आहोत.

रस्ता वाटून घेणे

दोन्ही बाजूंच्या पोरांना दोन शब्द. मोटरसायकलवाल्यांनो, बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, चालकाला आरशात दिसत नाही त्या पट्ट्यात चालू नका. आरशात चालकाचे तोंड तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढी खूण पुरे. उड्डाणपुलाच्या तोंडाशी डावीकडून उजवीकडे एका झटक्यात घुसू नका. टॅक्सीवाल्यांनो, प्रवासी दिसला म्हणून तिसऱ्या रांगेतून कडेला येऊ नका, आधी दिवा दाखवा. दार उघडण्यापूर्वी मागे पाहा आणि मागच्या सीटवरच्या गिऱ्हाइकालाही तसे सांगा.

बंद रस्ते आणि फुटके रस्ते

आपला आणखी एक राग आहे, तोही रास्त आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी, सागरी किनारा मार्गावर बंदी, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर बंदी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जातो, जून २०२५ मध्ये पुरा झाला. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांची मोटरसायकल त्यावर चालत नाही. काही मित्र म्हणतात ही बंदी उठवा. आम्ही म्हणतो, नको. जिथे मोटारी १२० ने जातात तिथे आपली मोटरसायकल नेणे म्हणजे वळूंच्या झुंजीत वासरू सोडणे आहे. पण बंदी घालणाऱ्याने शेजारचा रस्ता धड द्यावा, हा त्याच बंदीचा दुसरा भाग झाला. वेगवान रस्त्याला कोटी आणि गावरस्त्याला मुरूम, हे चालणार नाही. अंधेरीतही दुचाकीवाल्याला उरलेला रस्ता खड्ड्याविना असला पाहिजे.

त्यासाठीही कायदा आहे. कलम १९८-अ म्हणते की रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांत ठरवलेली सुरक्षा मानके न पाळल्यामुळे कोणी मेला वा अपंग झाला तर जबाबदार संस्थेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा निकाल दिला. पश्चिम द्रुतगती मार्गाची देखभाल २०२२ साली मुंबई महापालिकेकडे आली आहे, म्हणजे दार कोणाचे ठोठवायचे तेही ठाऊक आहे. मोटरसायकलवाल्याने वेग मोडला तर त्याला फोटोसकट चलान. मग खड्डा ठेवणाऱ्याला चलान कधी? हा प्रश्न विचारायचा असेल तर आपले हात स्वच्छ हवेत. आम्हाला वेग माफ करा म्हणणाऱ्याला, आम्हालाही खड्डे माफ करा, असे उत्तर मिळेल.

म्हणून ठराव बदलून असा करावा, अशी आमची सूचना आहे. एक : वेगाच्या चलानाला माफी मागू नये. दोन : वेग मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र आणि जागा जाहीर करावी, फलक लावावेत, मुदतीबाहेरची नोटीस रद्द करावी. तीन : हरकतींची सुनावणी अंधेरीतच, कामावर जाणाऱ्या माणसाला जमेल अशा वेळी व्हावी. चार : पार्सल कंपन्यांनी फेरीचा दर आणि वेळ अशी ठरवावी की वेगमर्यादा पाळून माणसाचे पोट भरेल. पाच : खड्ड्याने झालेल्या प्रत्येक अपघातात १९८-अ लावण्याची तक्रार आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतः दाखल करावी. सहा : बंद रस्त्यांच्या शेजारी दुचाकीसाठी पक्का रस्ता मिळावा.

हे काम माफीच्या अर्जापेक्षा लांबचे आहे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या बैठकांत हे टिपण वाचले जाईल, तिथेही हेच काम करता येईल, कारण मरणारे दोन-तृतीयांश तिकडचेच आहेत. प्रत्येक तालुक्याने आपल्या हद्दीतल्या तीन सर्वांत वाईट जागा लिहून काढाव्यात. कोणते वळण, कोणता खड्डा, कोणता अंधारातला दुभाजक, आणि तिथे गेल्या वर्षी काय काय झाले. ती यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. तिच्यावरच पुढचे बोलू.

 परत जाताना हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा.