समाजशास्त्राला शास्त्र म्हणावे काय?



समाजशास्त्राला ‘शास्त्र’ का म्हणावे, असे मला अनेकदा विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा परीक्षानळी असते. परंतु खगोलशास्त्रज्ञालाही तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही. विधान असे मांडावे, की ते चुकीचे असल्यास तसे उघड व्हावे आणि त्याची पडताळणी दुसऱ्यालाही करता यावी. माझ्या मते शास्त्राची कसोटी हीच.

‘पूर्वी सारे एकत्र कुटुंबात राहत, आता घरे फुटली,’ हे विधान पालकसभेत कोणी नाकारीत नाही. ए. एम. शाह यांनी ते तपासले. खेडा जिल्ह्यातील राधवानज गावी त्यांनी घरोघर नोंदी घेतल्या आणि त्याच गावाच्या १८२५ च्या खानेसुमारीचे कागद अभ्यासले. त्या काळीही लहान घरांचेच प्रमाण मोठे होते. आयुर्मानच अल्प असता तीन पिढ्या एका छपराखाली नांदणार तरी किती?

आपल्या वडोदऱ्याच्या विद्यापीठात अध्यापन केलेल्या आय. पी. देसाई यांचा महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. चूल वेगळी झाली, तरी मालमत्ता आणि परस्परांविषयीची कर्तव्ये घरांना जोडून ठेवतात, असे त्यांनी दाखविले. ‘घर’ आणि ‘कुटुंब’ एकच मानल्याने आपला घोटाळा होतो.

ग्रहणाची वेळ वर्तवावी तसे उद्याचे घर समाजशास्त्राला वर्तविता येत नाही. ही उणीव लहान नव्हे. शिवाय माणसे स्वतःविषयी वाचून वागणे बदलतात, तारे बदलत नाहीत. तरी राधवानजच्या नोंदी पुन्हा मोजून शाह यांचे म्हणणे खोडण्याची वाट कोणालाही मोकळी आहे. म्हणून माझे उत्तर होकाराचे आहे.