येळंदूरचा वस्तुपाठ
(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



अपस्मारावर बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती बंगळूरचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी यांची. चरकसंहितेत या व्याधीच्या निदानावर आणि चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहेत. आणि आपण मात्र आजही झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा, नाहीतर चप्पल धरतो!

डॉ. मणी यांचा पिंड निरीक्षकाचा. डोक्यावरून भराभर कढत पाणी ओतून घेताना काहींना झटका येतो, ही गोष्ट त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 साली शोधनिबंधातून मांडली. दक्षिण कर्नाटकात असे रुग्ण पुष्कळ आढळतात. अनेकांच्या बाबतीत पाणी कोमट घेणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

परंतु त्यांचे खरे मोठे काम येळंदूरचे. म्हैसूरच्या परिसरातील हा ग्रामीण तालुका. मोठ्या शहरातला तज्ज्ञ रुग्णाची वाट पाहत बसतो. येथे तज्ज्ञच गावात गेला. 1990च्या सुमारास जवळजवळ 65 हजार लोकवस्तीची पाहणी झाली. हजारी चार-पाच जणांना हा विकार असल्याचे दिसले. औषधे कोणती दिली? फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन. दोन्ही जुनी, दोन्ही स्वस्त. प्राथमिक आरोग्यसेवेच्या आधारे, पाच वर्षे पाठपुरावा करून हे उपचार चालले. 2001 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांचे झटके दीर्घकाळ थांबले होते. उपचारांपूर्वी ज्यांना थोडेच मोठे झटके येऊन गेले होते, त्यांना गुण अधिक आला. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण आपल्या घरांतून व्याधी लपविली जाते, आणि लपविण्यात वर्षे जातात.

लपविण्याला कारणही होते. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला वेडाच्या शेजारी बसविले होते. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि या क्षेत्रातील डॉक्टर त्याविरुद्ध झटले. 1999 साली तो शब्द कायद्यातून गेला. मनातून जायला वेळ लागतो.

माझ्याकडे एक सद्गृहस्थ आले होते. मुलीला दोन वर्षांत एकही झटका नव्हता. त्यांनी हळूच विचारले, “डॉक्टरसाहेब, लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का? सासरी कोणी पाहिल्या तर...” अचानक गोळ्या थांबविल्या तर झटके उलटतात, प्रसंगी जिवावर बेतते, हे मी समजावले. ते मान खाली घालून गेले. चार दिवसांनी मुलगी एकटीच आली. “सर, त्यांना मीच सांगितले तर?”

मी म्हटले, “लग्न ठरण्यापूर्वी सांग. आणि त्यांना काही विचारायचे असेल, तर माझ्याकडे घेऊन ये.”