हजेरीतला एक शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला माझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण संगणकाचं कौतुक आता कोणाला राहिलेलं नाही. म्हणून मी माझ्या मुलीच्या क्षेत्राविषयी बोलणार आहे. ती बी.ए.एस.एल.पी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऐकण्याचे, बोलण्याचे आणि भाषेचे दोष तपासून त्यांवर उपचार करायला शिकवणारी ही पदवी आहे.

तिने बारावीनंतर हे नाव काढलं, तेव्हा मी म्हणाले, ‘‘स्पीच थेरपी म्हणजे मुलांकडून अ-आ-इ म्हणून घ्यायचं ना? त्याला चार वर्षं कशाला?’’ नातेवाईक तर अजून विचारतात, ‘‘मेडिकलला नंबर लागला नाही का?’’

चार वर्षं कशाला, ते तिची पुस्तकं पाहून कळलं. कान, स्वरयंत्र आणि मेंदूची रचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र. त्याच्या जोडीला पेशंट तपासणं आलंच. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, नायर रुग्णालयातही हा अभ्यासक्रम चालतो. बारावीला जीवशास्त्राऐवजी गणित घेतलेल्या मुलांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. ज्यांची मुलं आता अकरावी-बारावीत आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिच्याकडे येणारे पेशंट सगळ्या वयांचे असतात. बाळाला ऐकू येतं का, हे पहिल्या महिन्यातच तपासावं, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. आपल्याकडे मात्र ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत जिभेवर वेखंड उगाळून लावण्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. दुसऱ्या टोकाला पक्षाघात झालेले आजोबा. त्यांना समोरची वस्तू ओळखता येते, पण तिचं नाव तोंडात येत नाही. घरचे समजतात, बुद्धीच गेली. बुद्धी शाबूत असते, शब्दांची वाट बंद झालेली असते.

एकदा तिने मला ‘चमचा’ आणि मग ‘चमचे’ म्हणायला लावलं. तुम्हीही म्हणून पाहा. ‘चमचा’मधला दुसरा च दातांजवळ होतो, ‘चमचे’ म्हणताना तोच टाळूकडे सरकतो. चाळीस वर्षं मराठी बोलून मला हे ठाऊक नव्हतं. मराठी मुलाचे उच्चार इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून का तपासता येत नाहीत, ते तेव्हा कळलं.

आता खरं सांगायचं ते सांगते. आपल्या वर्गात एक मुलगा तोतरा बोलायचा. तो आज इथे बसला आहे आणि त्याला विचारूनच मी बोलते आहे. हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणताना तो अडायचा. आपण हसायचो. आणि आपल्याकडे एक पुरावा होता: प्रार्थना आणि प्रतिज्ञा तो सगळ्यांबरोबर घडाघडा म्हणायचा. म्हणजे याला येतं, पण हा सोंग करतो, असं आपण ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मुलगी तोतरेपणाचा धडा वाचत होती. मी तिला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, ‘‘आई, तोतरं बोलणारी बहुतेक माणसं इतरांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडत नाहीत. हे तर पुस्तकात दिलेलंच असतं. त्यात सोंग कसलं?’’ मेंदूच्या कामातला फरक आणि आनुवंशिकता ही त्यामागची मोठी कारणं आहेत. घाबरटपणाने कोणी तोतरं होत नाही. आणि हजेरी सगळ्यांत अवघड, कारण इतर वेळी अडणारा शब्द बदलून दुसरा घेता येतो, हजेरीत तो ठरलेला असतो.

मी म्हटलं, ‘‘मी नव्हते हं हसत. मी त्याच्या शेजारच्या रांगेत होते. तो अडला की मीच शब्द पूर्ण करायचे.’’ ती म्हणाली, ‘‘ते तर आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. शब्द पूर्ण करायचा नाही, ‘सावकाश बोल’ म्हणायचं नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं.’’

त्या रात्री मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर हजेरीला वीस नंबरवर आले की माझी छाती धडधडायला लागायची. हसणाऱ्यांची पुढे सवय झाली. पण तू माझा शब्द घेऊन टाकायचीस ना, त्याचा फार राग यायचा.’’

मी माफी मागितली. तीस वर्षं मी ते मदत म्हणून लक्षात ठेवलं होतं.

आमच्या ऑफिसात फोनवर बोलणं ऐकून उत्तर देणारी यंत्रणा बनते. माणूस थोडा वेळ गप्प झाला की त्याचं बोलणं संपलं, असं ती समजते. तो वेळ किती असावा, यावर आता मी मीटिंगमध्ये भांडते. चाळिशीत मी जे शिकले, ते माझी लेक विसाव्या वर्षी शिकते आहे. ‘मेडिकलला नंबर लागला नाही का’ असं कोणी विचारलं, तर मी आता खाली बघत नाही.

थोड्या वेळाने आपले सर पूर्वीसारखी हजेरी घेणार आहेत. त्याचा नंबर येईल तेव्हा लागेल तेवढा वेळ लागू द्या. कोणी त्याचा शब्द पूर्ण करू नका. मीही करणार नाही.